विमानात उरलेला एक रोट

धुळे,
राखीपौर्णिमेनंतरचा मंगळवार

तीर्थरूप कमलआत्यास,

दिपमालाचा वाकून नमस्कार. (पत्रात असला तरी तो खरोखर वाकूनच केला आहे, टेबलावर डोकं टेकवून. नुसता लिहिला असता तर खोटा झाला असता.) तुझा गुडघा आता कसा आहे? ओवा घालून गरम केलेलं तेल चोळतेस की नुसतं बाटलीकडे बघून समाधान मानतेस? तुझ्या यजमानांना, म्हणजे रुपचंदतात्यांना, माझा नमस्कार सांग आणि त्यांची साखर जेवणाआधी मोजली की नंतर, ते विचारून ठेव. मागच्या वेळी त्यांनी नुसता आकडा सांगितला होता. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. आकडा कधीचा हे कळलं नाही की मला रात्री झोप येत नाही.

आम्ही सगळे व्हिएतनामहून सुखरूप परत आलो. सुखरूप म्हणजे हातापायांनी. बाकी जे झालं ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही, कारण फोनवर माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणतेस. म्हणून आधीच थोडक्यात सांगते : परतीच्या विमानात एका परक्या माणसाने आपल्या कानबाईचा रोट खाल्ला. आजीच्या (म्हणजे तुझ्या आईच्या) मते तो आता आपला भाऊबंद झाला. गोकुळाष्टमीला तो आपल्याकडे येणार आहे आणि मी त्याला राखी बांधायची आहे. असं खरंच होतं का, एवढंच मला तुला विचारायचं आहे. तू घरातली मोठी लेक, आजी ऐकली तर तुझंच ऐकते. माझा यात काहीही स्वार्थ नाही.

आता क्रमाने सांगते. तुला यातलं बरंच माहीत आहे, पण निवाडा करणाऱ्याला सगळं सांगावं, अर्धं सांगू नये, असं तूच मला लहानपणी शिकवलंस. (माझ्या सख्ख्या भावाने, ललितने, माझी पाटी फोडली तेव्हा. मी आधी त्याला चिमटा काढला होता, हेही तू माझ्याकडून वदवून घेतलं होतंस, आणि मग दोघांनाही मारलं होतंस.)

बाबांच्या ठिबकच्या दुकानाने यंदा विक्री चांगली केली, म्हणून पाइप कंपनीने त्यांना परदेशाची सहल दिली. कंपनीला आपली कानबाई देवी आणि तिचा श्रावणातला सण ठाऊक नाही. त्यांनी तारखा दिल्या त्या नेमक्या कानबाईच्या विसर्जनापासून पौर्णिमेपर्यंतच्या. आता आपल्याकडे घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळतात, त्याचे रोट पौर्णिमेच्या आत संपवतात, परक्याला देत नाहीत, टाकत नाहीत, आणि सासरी गेलेल्या लेकीनेही खायचे नसतात. (तुझी मूठ तुझ्या लग्नाच्या वर्षी बंद झाली हे सांगताना आजीचा आवाज अजून जरा खाली येतो.) विसर्जन झाल्या रात्री निघायचं होतं. पुरणाची पोळी आणि खीर आम्ही घरी संपवली, पण पीठ उरलं. मग आईने त्या पिठाचे गूळ घालून टिकाऊ रोट भाजले. ते इतके टिकाऊ झाले की एक डब्यातून निसटून फरशीवर पडला तर आम्ही सगळ्यांनी आधी फरशी बघितली. आजीला एकटं घरी ठेवणं शक्य नव्हतं, रोटांना तर नव्हतंच. दोघंही आमच्याबरोबर निघाले.

व्हिएतनामचं मी वेगळं लिहीन. समुद्रातले डोंगर फार सुंदर आहेत आणि आजीने त्यांच्याकडे पाहून "आठे शेती कशी करतंस?" एवढंच विचारलं. आम्ही रोज नेमाने रोट खाल्ले. तरी परतीच्या दिवशी डब्यात माणशी एक आणि वर एक असे शिल्लक होते. हॉटेलच्या कुंडीत वरचा एक पुरून टाकावा असं बाबांच्या मनात आलं होतं (उरला तर जमिनीत पुरायचा, हे शास्त्रात बसतं), पण आजी म्हणाली की देवीचा प्रसाद परमुलखात पुरून यायचा आणि पुढच्या वर्षी तिला आपल्या दारात बोलवायचं, हे कोणत्या तोंडाने? बाबांनी डबा पुन्हा बॅगेत ठेवला.

हनोईच्या विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून डबा गेला आणि पट्टा थांबला. पडद्यावर आमचे रोट गोल, काळे आणि एकावर एक रचलेले दिसत होते, आणि मी स्वतः तिथे नोकरीला असते तर मीही पट्टा थांबवला असता. एका अधिकाऱ्याने हातमोजे घालून डबा उघडला, एक रोट उचलला आणि टेबलावर आपटून पाहिला. टक्क असा आवाज झाला. त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. ललितने इंग्रजीत सांगितलं की हा केक आहे. मला ते खोटं वाटलं, म्हणून मी सांगितलं की केक नाही, हे देवीचं अन्न आहे आणि फक्त आमच्या कुळातली माणसं खाऊ शकतात. यामुळे काम सोपं झालं असं नाही. अधिकाऱ्याने रोट नाकाजवळ नेला, त्याला गुळाचा वास आला, तो जरा हसला, आणि तोंड उघडणार एवढ्यात आजी काठी उगारून मोठ्याने ओरडली, "ए भाऊ! खाऊ नको रे बा, तू आमना नही शे!" त्याने रोट परत ठेवला. भाषा कळली नसेल, काठी कळली. पुढे आमच्या सगळ्यांच्या चपला दोनदा तपासल्या.

विमान उशिरा सुटलं. शुक्रवार होता, दुपारनंतर पौर्णिमा लागणार होती. ती भारताच्या वेळेने धरायची की व्हिएतनामच्या, यावर आमच्यात वाद झाला, कारण तिकडची घड्याळं आपल्यापुढे आहेत. ललित म्हणाला, विमान पश्चिमेकडे चाललंय, म्हणजे पौर्णिमा आपल्या मागे लागली आहे आणि आपण तिच्यापुढे पळतोय. हे आजीला फार पटलं. तिने ड्रायव्हरला जरा जोरात हाकायला सांग म्हणून मला दोनदा बजावलं.

जागा कंपनीने दिल्या तशा होत्या. मागच्या रांगेत बाबा, आई आणि ललित. पुढे खिडकीशी आजी, मध्ये मी, आणि माझ्या पलीकडे कडेला एक तरुण मुलगा. उंच, सावळा, पायांचं काय करावं हे न कळून ते एकदा रस्त्यात आणि एकदा पुढच्या खुर्चीखाली ठेवणारा. (मी मुद्दाम पाहिलं नाही. त्या विमानात कोणी कोणाला न पाहता बसूच शकत नाही. मागे बाबांनी गुडघा हलवला की माझी पाठ हलायची. आजीने पट्टा बांधताना आधी माझा बांधला, मग माझ्या पलीकडचा ओढला आणि त्या मुलाने निमूटपणे तो तिच्या हातातून सोडवून घेतला.) तो फोनवर कोणाशी तरी तिकडच्या भाषेत बोलत होता, म्हणून आम्ही त्याला तिकडचाच समजलो. आजी मोकळेपणाने म्हणाली, "पोऱ्या कितला वाळेल शे. याले घर कोनी खाऊ घालत नही का?" तो खिडकीबाहेर बघून खोकला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

विमान वर गेल्यावर मी डबा काढला. बाबांनी त्यांचा रोट दाढेखाली धरला आणि दाढ हलली. त्यांनी तो तसाच गालात ठेवून मुंबईपर्यंत आणला, पण संपवला. ललितला वर जाताना कागदी पिशवी लागली होती, तरी अर्धा त्याने खाल्ला, अर्धा माझ्याकडे सरकवला. आजीने तिचा चहात बुडवून संपवला (त्या चहाच्या पेल्याचं आयुष्यातलं सगळं काम त्या दिवशी झालं) आणि ती झोपली. आणि आईचा निघाला श्रावणी शुक्रवारचा उपास! उपास मोडायचा नाही आणि रोट ठेवायचा नाही. आईने माझ्याकडे फक्त पाहिलं. तुला आईचं ते पाहणं माहीत आहे. माझा मी खाल्ला होता, ललितचा अर्धा खाल्ला होता, आता आईचाही खाल्ला. वरचा एक उरला.

तो मी रुमालावर ठेवून धीर गोळा करत होते तेवढ्यात हवाईसुंदरी कचऱ्याची पिशवी घेऊन आली, गोड हसली आणि रुमालासकट रोट उचलून पिशवीत टाकला. मी पट्ट्यासकट उभी राहिले, म्हणजे अर्धीच, आणि पिशवीत हात घातला. ती पिशवी सोडेना. मी हात काढेना. शेवटी रोट निघाला, रुमालात होता म्हणून स्वच्छ, पण त्यानंतर ती आमच्या रांगेकडे येताना दुसऱ्या कडेने यायची. बहुधा म्हणूनच जेवणाची गाडी आमच्यापर्यंत लवकर आलीच नाही. आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. कडेच्या मुलाने जेवण मागितलं, तिने मान हलवली. त्याने पाणी मागितलं. पाणी प्यायल्यावर त्याच्या पोटातून आवाज आला. आत्या, तो आवाज मला ऐकू आला, आणि माझ्या हातात रोट होता.

इथे मी काय चुकले ते नीट पाहा. कोणी उपाशी शेजारी बसलेलं असताना विचारल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हे मला चालायच्याही आधी आजीने शिकवलं. आणि रोट परक्याला द्यायचा नाही, हेही आजीनेच शिकवलं. दोन्ही शिकवणी एकाच वेळी एकाच हातात येतील याचा विचार तिने केला नव्हता, मीही केला नव्हता. मग मला वाटलं, विचारायला काय हरकत आहे? आपल्याकडे विचारलं की समोरचा नको नको म्हणतो, आपण घ्या हो म्हणतो, तो आत्ताच जेवलो म्हणतो, आणि दोघांचीही अब्रू राहते. रीत पाळली जाईल आणि रोटही राहील. म्हणून मी रोट जरा पुढे केला (जरासाच, शपथेवर सांगते) आणि हिंदीत म्हटलं, लीजिए ना.

त्याने मराठीत "हो, द्या" म्हटलं आणि घेतला.

पहिल्याच वेळी, आत्या! नको म्हणाला नाही, तुम्ही घ्या म्हणाला नाही, अर्धा करा म्हणाला नाही. मी हात मागे घेईपर्यंत पहिला घास तुटला होता, आणि तोही सहज, जणू लहानपणापासून असलेच रोट खाऊन वाढलाय. उष्टा झालेला रोट परत मागायचा, म्हणजे त्यात आणखी वेगळं पाप. मी रिकाम्या रुमालाची घडी घातली. शेवटचा घास तोंडात असताना आजी जागी झाली.

"हाऊ काय खाई ऱ्हायना?" तिने विचारलं. मी खोटं बोलू शकत नाही, म्हणून गप्प राहिले, आणि तेवढ्याने तिला सगळं कळलं. मग ती माझ्या अंगावरून वाकून त्याला म्हणाली, "रोट शे तो! आमनी कानबाईना!"

तो मुलगा पांढरा पडला. "माय वं," तो म्हणाला, "माले माहीत नव्हतं. माले वाटनं बिस्कुट शे." आणि त्याने तोंड तसंच बंद ठेवलं, गिळावं की नाही हे न कळून. आजी म्हणाली गीळ. त्याने गिळला.

मग चौकशी झाली. नाव अभिमन. (पणजोबांचं नाव ठेवलंय. त्याला शाळेत चिडवायचे, असं तो म्हणाला.) गाव पाचोऱ्याजवळ, घरी केळी. व्हिएतनाममध्ये केळी कशी पॅक करून परदेशी पाठवतात ते शिकायला सहा महिने एका शेतावर राहिला होता आणि यंदा त्याची कानबाई चुकली होती. त्याच्या घरीही मूठ मोजतात. आपलीच माणसं, पण देवक वेगळं, कूळ वेगळं. सहा महिने तिकडे राहून नको म्हणायची सवय सुटली, कारण तिकडे एकदा नको म्हटलं की लोक खरंच देत नाहीत. हे त्याने आजीला इतक्या दीनवाणेपणाने सांगितलं की मागून ललित हसायला लागला आणि बाबांच्या गालातला रोट बाहेर यायची वेळ आली.

आजीने डोळे मिटून विचार केला. मला वाटलं पुन्हा झोपली. मग तिने निकाल दिला. रोट कुळाबाहेर जात नाही. हा रोट याच्या पोटात गेला. तेव्हा रोट बाहेर गेला नसून हाच आत आला. "आते हाऊ आपला भाऊबंद व्हयना. दिपी, तुले दुसरा भाऊ मिळना. उद्या राखी शे, बांध."

ललित म्हणाला, आजी, त्यापेक्षा जावई कर की, तोही घरचाच. यावर आजी चिडली. जावई घरचा असता तर लेकीची मूठ बंद कशाला झाली असती? जावयाने रोट खायचा नसतो. याने खाल्ला. म्हणजे हा दुसरं काहीही होईल, जावई होणार नाही. मी हे सगळीकडून तपासून पाहिलं, आत्या, यात कुठेही फट नाही. मी मान खाली घातली. अभिमन पुढच्या खुर्चीमागचं सूचनांचं पत्रक वाचत होता, उलटं धरून.

उरलेल्या प्रवासाचं विशेष काही नाही. अभिमन यांनी आजीला खिडकीतून ढग दाखवले, आईला उतरल्यावर केळी आणून दिली (उपासाला चालतात, हे त्यांना न सांगता कळलं), आजीची बॅग उचलली, आणि मला एवढंच विचारलं की रोटात जायफळ होतं का. होतं. आजपर्यंत आपल्या घरात कोणाला ओळखता आलं नाही. बाबा खूश आहेत, कारण अभिमन यांच्या घरच्या केळीला ठिबक जुनं झालंय. मुंबईत निरोप घेताना आजीने उद्याच ये म्हणून सांगितलं, पण उद्या त्यांची स्वतःची बहीण वाट बघत होती. म्हणून राखी गोकुळाष्टमीवर गेली. आजीने राखी आणूनही ठेवली आहे. बशीएवढी आहे, मध्ये स्पंजचा मोर.

तर आत्या, नीट विचार करून कळव. माझं म्हणणं एवढंच आहे की राखी हे पवित्र बंधन आहे आणि मनात पूर्ण भावाची भावना नसताना ती बांधणं हा त्या सणाचा अपमान होईल. मी फक्त सणासाठी म्हणते आहे. तात्यांना नमस्कार, तुळशीला पाणी जास्त घालू नकोस.

तुझी आज्ञाधारक भाची,
दिपमाला

ता. क. : हे पत्र मगनभाऊंच्या हाती पाठवते आहे. बाबांच्या दुकानाची गाडी ते तुमच्याकडे अमळनेरला पाइप टाकायला आणणार आहेत. पोस्टाने गोकुळाष्टमी निघून गेली असती.

ता. क. २ : वर एक गोष्ट लिहिली नाही. अर्धं सांगू नये म्हणून आता लिहिते. सामानाच्या पट्ट्यापाशी माझं तोंड बघून बाबा हळूच म्हणाले की तुझं लग्न ठरायच्या आधीच्या कानबाईला, परसातल्या भिंतीवरून तू एका शेजाऱ्याला रोट दिला होतास. बाबा तेव्हा पेरूच्या झाडावर होते. आणि तो शेजारी म्हणजे आपले रुपचंदतात्या. आत्या, हे खरं असेल तर तात्यांनी रोटही खाल्ला आणि ते जावईही झाले, म्हणजे आजीचा निकाल टिकत नाही. तू गोकुळाष्टमीला सकाळीच तात्यांना घेऊन ये आणि आजीला हे तुझ्या तोंडाने सांग. माझी खरी विनंती हीच आहे. मी आपण होऊन काही बोलणार नाही. पण आजीने मला सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

ता. क. ३ : आजीने सरळ विचारलं. "काय लिहस वं?" म्हणाली, आणि मी तिला पहिल्या नमस्कारापासून तुझ्या भिंतीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. माफ कर. पण तिला ते पहिल्यापासून माहीत आहे! ती त्या वेळी भिंतीच्या अलीकडेच गोवऱ्या मोजत होती. मी विचारलं, मग तात्यांना राखी का नाही बांधायला लावलीस? तर म्हणाली, लावणार होते, ताटही केलं होतं. "पन कमल मनाजोडे ईसन बोलनी. तू कागदजोडे बोली ऱ्हायनी. कागदले काय जावई करू का?" तू तिच्यासमोर येऊन बोललीस आणि मी कागदाशी, एवढं सुनावून ती ओसरीवर जाऊन बसली आहे. जपमाळ हातात आहे, पण मणी सरकत नाहीत. वाट बघते आहे. मगनभाऊंनी गाडी सुरू केली आहे, म्हणून आत्या, वरचं सगळं सोडून दे, येऊही नकोस. तू त्या दिवशी तिच्याजवळ जाऊन पहिलं वाक्य नेमकं काय बोललीस, तेवढं मगनभाऊंजवळ लिहून दे. पहिलंच हवं आहे. पुढचं मी रडून निभावीन.